परत धाडायची सोय

हाळीबाबांशी बोलायचं म्हणजे आपला कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागे. माणूस धिप्पाड, छाती रुंद, मान आखूड आणि जाड. आवाज मात्र इतका खाली की बाजूला बसलेल्यालाही दोनदा 'आं?' म्हणावं लागायचं. नवखा माणूस समजायचा, यांना घशाचं काही दुखणं असेल. एकदा गावात आरोग्य शिबिर होतं, तेव्हा डॉक्टरनं बॅटरी लावून त्यांचा घसा तपासला आणि सांगितलं की घसा अगदी तरण्या माणसाचा आहे. बाबा हसले आणि डॉक्टरच्या कानाशी जाऊन काहीतरी बोलले. ते डॉक्टरलाही कळलं नसावं, कारण त्यानं नुसतीच मान डोलावली.

आणि अशा माणसाला गावानं नाव काय दिलं, तर हाळीबाबा. हाळी म्हणजे माळावरून माळावर दिलेली लांब हाक. लहानपणी मला हा गावाचा खवचटपणा वाटायचा, टकल्या माणसाला केशवराव म्हणावं तसला. आमचं गाव त्या बाबतीत कमी नाहीच. पण पुढं कळलं की हे नाव एके काळी आदरानं पडलं होतं, आणि ज्या हाळीमुळे ते पडलं ती बाबांनी ऐन तरुणपणातच सोडून दिली होती.

त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. त्यांच्या वाटचं ओरडायचं काम त्यांची बायको, आमची गंगाआजी, मन लावून करायची. त्यामुळे त्या घरात आवाजाची कमतरता कधी भासली नाही. बाबांना मात्र रानातल्या माणसाला एक शब्द सांगायचा असला तरी ते चालत रानात जात. एकदा दारातून त्यांना दिसलं की नाल्यापलीकडच्या ज्वारीत म्हैस शिरली आहे. दुसऱ्या कुणी जागेवरूनच बोंब ठोकली असती. बाबांनी चपला घातल्या, नाला उतरले, चढले, रानाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या मालकाजवळ गेले आणि हळूच म्हणाले, म्हैस शिरली. तोवर म्हशीचं पोट भरलं होतं. मालक म्हणाला, "बाबा, तुमी चालत येऊन राहिले, आन् माझी ज्वारी गेली की." बाबांनी त्याला पाटीभर ज्वारी आणून दिली, पण सवय काही बदलली नाही. ज्याला सांगायचं त्याच्याजवळ जावं, लांबून सांगितलेलं कुठं जाऊन पडेल याचा नेम नाही, असं ते म्हणायचे. आम्ही पोरं त्यांच्यामागे लागायचो की बाबा, एकच हाळी द्या, एवढीशी. ते आमच्या तळहातावर गूळ-शेंगदाणे ठेवायचे आणि आत जायचे.

आमचं गाव सेनगावच्या पुढं, वऱ्हाडाच्या शिवेला लागून. आज ती शीव कुणाच्या लक्षातही येत नाही. जीपवाला गाणं बदलेपर्यंत आपण पलीकडं गेलेलो असतो. बाबांच्या तरुणपणी अलीकडं निजामाची मोगलाई होती, पलीकडं इंग्रजांचा मुलूख आणि मधे करोडगिरीचा नाका. मीठ आणा, कापड आणा, गूळ आणा, नाक्यावर जकात दिल्याशिवाय गाडी हलायची नाही. आणि जकातीपेक्षा नाक्यावरच्या शिपायांची मर्जी महाग. बायकांना रस्त्यावर गाठोडी सोडायला लावत. शेवटच्या वर्षात तर रझाकारांच्या लॉऱ्या यायला लागल्या. धान्य जाई, जनावरं जात, तरणी पोरं मार खाऊन घरी येत, काही येतही नसत. लॉरी आली की सगळ्या गावानं नाल्यात उतरून नदीकडं पळायचं आणि लॉरी गेली की परत येऊन चूल पेटवायची, असं वर्ष काढलं लोकांनी.

लॉरी आली हे गावाला कळायचं ते बाबांच्या हाळीनं. लहानपणापासून मचाणावर बसून ज्वारीवरची पाखरं हाकललेली, त्यामुळे आवाज कमावलेला होता. "हाक पोटातून काढायची," ते मला सांगत, अर्थात कानात. "गळ्यातून काढली तं बांधावर पडती." गावामागच्या टेकडीवरून त्यांनी हाळी दिली की समोरच्या टेकडीवरच्या तांड्याला ऐकू जायची. तांड्यातली माणसं पिढ्यानपिढ्या लादलेल्या बैलांमागं मुलूखभर हिंडलेली, त्यांचा कान लांबचा. तांड्याचा नाईक तीच हाळी उचलून पुढच्या गावाला द्यायचा, ते गाव त्याच्या पुढच्याला. अशी पाच-सात गावं एका माणसाच्या गळ्यावर हलत.

पण त्या टेकडीवरून गाव नि नाका दिसे, लांबून येणारा रस्ता दिसत नसे. रस्ता दिसायचा लतीफला. लतीफ पिंजारी बाबांच्याच वयाचा, त्यांचा जिवाभावाचा दोस्त. गाडीवाटेला लागून गावातलं शेवटचं घर त्याचं. दारात बसून तो नि त्याचा बाप दिवसभर कापूस पिंजायचे, आणि लांब धूळ उठलेली दिसली की लतीफ हातातली कमान टाकून मागच्या वाटेनं पळत येऊन बाबांना सांगायचा. रझाकारांना हे कळलं असतं तर त्यांनी आधी त्यालाच उभा चिरला असता. "डोळे लतीफचे आन् गळा माझा," असं बाबा म्हणत. आमच्या गावातल्या पुष्कळ घरांचा वंश त्या दोघांमुळे चालू राहिला, आमच्याही.

पलीकडं वऱ्हाडात मोगलाईतून पळून गेलेल्या पोरांचा कॅम्प होता. त्यांनी ठरवलं की नाका जाळायचा, आणि माणसं बोलवायचं काम बाबांवर टाकलं. दिवस मावळायच्या आत हाळी गेली, आसपासच्या गावची माणसं कुऱ्हाडी, भाले, काठ्या घेऊन उतरली आणि नाका जळाला. मिठाची पोती फुटली, तेव्हा जो तो धोतराच्या सोग्यात मीठ भरून घरी गेला. त्या साली साऱ्या शिवारात भाज्या खारट व्हायच्या असं सांगताना बाबांचे डोळे चमकायचे. राज्य वाईट होतं, त्याच्याविरुद्ध उठायलाच पाहिजे होतं, यात त्यांना म्हातारपणापर्यंत तिळमात्र शंका नव्हती. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचं ऐकलं की काही शहाणे लगेच म्हणतात, म्हणजे शेवटी बाबांना पस्तावा झाला. नाका जाळल्याचा त्यांना कधीच पस्तावा झाला नाही.

दर सतरा सप्टेंबरला आमच्या शाळेत मुक्तिदिनाचा झेंडा होतो. बाबा फेटा बांधून यायचे, झेंड्याची दोरी ओढायचे आणि माईकसमोर उभे राहायचे. माईकच्या कृपेनं गावाला वर्षातून एकदा त्यांचा आवाज ऐकू यायचा. लॉऱ्या, हाळी, नाका, मीठ, इथवर गोष्ट आली की लेकरं टाळ्या वाजवायची आणि बुंदीचे लाडू वाटले जायचे. मी त्याच शाळेत शिकले, नोकरी लागली, चार गावं फिरून त्याच शाळेवर शिक्षिका म्हणून आले. पहिल्याच वर्षी सूत्रसंचालन माझ्याकडं होतं. हौसेच्या भरात मी विचारलं, बाबा, मग पोलीस ॲक्शन झाली त्या दिवशी आपल्या गावात काय झालं तेही सांगा. पुढच्या रांगेतली म्हातारी माणसं पायांकडं बघायला लागली. तेव्हाचे सरपंच उठले आणि म्हणाले, लाडू गार व्हायला लागले. बुंदीचा लाडू गार होतो हे मला त्या दिवशी कळलं.

घरी जाताना बाबा माझ्याबरोबर चालत आले आणि वाटेत त्यांनी मला सगळं सांगितलं. निजाम शरण आला ही खबर कॅम्पच्या पोरांनी आणली. त्यांच्याजवळ तिरंगा होता. पोरं म्हणाली, सगळी गावं बोलाव, जळक्या नाक्यावर झेंडा लावू. बाबा टेकडीवर चढले. इतकी चांगली हाळी त्यांनी कधीच दिली नव्हती. आनंदाची होती ना. तांड्यानं उचलली, पुढच्या गावानं उचलली आणि माणसं आली. दर वेळी यायची तशीच आली, कुऱ्हाडी नि भाले घेऊन, कारण हाळी आली की हत्यार उचलून निघायचं ही वर्षभराची सवय. आज हत्यार नको, हे कुणाला सांगायचं बाबांच्या ध्यानातच आलं नाही. झेंडा लागला, जयजयकार झाला, आणि मग करायला काही उरलं नाही. नाक्यावरचे शिपाई पळालेले, रझाकार पळालेले. हातात कुऱ्हाड, अंगात वर्षभराचा राग आणि समोर कुणीच नाही. कुणीतरी म्हणालं, ते गेले पण त्यांचे इथंच आहेत. गाडीवाटेला चार-पाच घरं होती, सगळी गरिबांची, आणि पहिलं घर पिंजाऱ्याचं.

बाबा टेकडीवरच थांबले होते, लांबच्या गावांची माणसं अजून यायची होती म्हणून. वरून त्यांना गर्दी वळताना दिसली. त्यांनी हाळी दिली, परत फिरा, परत फिरा. एकही माणूस फिरला नाही. "माझ्या आवाजात माणसं बोलवायची ताकद व्हती, पोरी," बाबा म्हणाले. "परत धाडायची न्हवती." खाली कापसाची पोती फाडली होती आणि वारा सुटला होता, कापूस उडत उडत पार नाल्यापर्यंत गेला. लतीफ आणि त्याचा बाप दारातच मारले गेले. लतीफची बायको तान्ह्या पोराला घेऊन नाल्यातून तांड्यावर पोचली. तांड्यातल्या बायकांनी तिला आपला घागरा नेसवला, काही दिवस आपल्यातलीच एक म्हणून ठेवलं आणि मग तिच्या माहेरी, डोंगरकडा नावाच्या गावी नेऊन सोडलं. त्या दिवसापासून बाबा मोठ्यानं बोलले नाहीत. त्या दिवसापासून आमच्या गावात पिंजारी पण नाही. गादी भरायची तर सेनगावला जावं लागतं, आणि असं का, हे कुणी विचारत नाही.

शाळेसमोर एक स्तंभ आहे. मुक्तिसंग्रामात गेलेल्या गावच्या तीन माणसांची नावं त्यावर कोरलेली आहेत. बाबांचं आयुष्यभर मागणं एकच होतं, चौथं नाव लतीफचं लिहा. एवढ्या एका गोष्टीसाठी हा मवाळ माणूस प्रत्येक सरपंचाच्या दारात जाऊन बसला. सरपंच बदलले, पक्ष बदलले, झेंड्यांचे रंग बदलले, उत्तर बदललं नाही. कुणी म्हणे, तो स्वातंत्र्य मिळाल्यावर मेला, मग हुतात्मा कसा? कुणी म्हणे, जुनं उकरू नका. एक सरपंच तेवढा सरळ होता. तो म्हणाला, "बाबा, नाव लिहिलं की लेकरं इचारतील, याला कोणी मारलं. आमी काय सांगावं?"

बाबा म्हणाले, "सांगा, हाळी देणाऱ्यानं."

त्यावर सरपंचांनी चहा मागवला. चहा झाला आणि विषयही संपला. खरी गोष्ट अशी की त्या दिवशी कुऱ्हाड घेऊन कोण कोण आलं होतं हे बाबांना वरून चांगलं दिसलं होतं. गावाला तीच भीती होती. मी एकदा विचारलं तर म्हणाले, मेलेल्यांची नावं घेऊन नातवंडांना खाली मान घालायला लावू का? त्यांनी कुणाचं नाव कधीच घेतलं नाही, माझ्याजवळही नाही.

सेनगावला एका वर्षी मुक्तिदिनाचा मोठा कार्यक्रम झाला. जुन्या स्वातंत्र्यसैनिकांना स्टेजवर बसवलं, शाली दिल्या. मग पुढाऱ्यानं बाबांपुढं माईक धरला आणि म्हणाला, बाबा, ती त्या वेळची हाळी एकदा होऊन जाऊ द्या. पोरं मोबाईल वर धरून उभी राहिली. बाबांनी शालीची नीट घडी केली, खुर्चीवर ठेवली आणि स्टेजमागच्या शिडीनं उतरून जीप स्टँड गाठला. बक्षिसाच्या शालीपायी गंगाआजी आठवडाभर फुरंगटली होती. मला मात्र त्या दिवशी त्यांचा फार अभिमान वाटला.

हल्ली माणसं बोलवायला टेकडी लागत नाही. मोबाईलवर मेसेज टाकला की तासाभरात चौक भरतो. बाबांना त्याचं मोठं नवल वाटे आणि धडकीही भरे. माझा भाचा अशा कामात पुढं असतो. एकदा त्यानं रास्ता रोको ठरवला. मागणी रास्त होती, बाबांनाही पटलेली. सकाळी तो निघाला तेव्हा बाबा त्याच्या मोटारसायकलजवळ गेले आणि म्हणाले, "बोलावले ते बराबर केलं. परत धाडायची काय सोय केली?" भाचा हसला. म्हणाला, लोक आपोआप जातात घरी. दुपारी साहेब आले, निवेदन घेतलं, पुढारी गाडीत बसून गेले आणि चौकात नुसती माणसं राहिली. मग एसटीची काच फुटली. ड्रायव्हरच्या डोळ्याला लागलं. संध्याकाळी भाचा येऊन बाबांच्या ओट्यावर बसला. बाबांनी त्याला उपदेश केला नाही. पाणी दिलं आणि ड्रायव्हरचा डोळा राहील का, एवढंच विचारलं. डोळा राहिला. तेव्हापासून भाचा मोर्चा काढतो तेव्हा लोकांना शेवटी घरी लावून द्यायला वेगळी पोरं नेमतो. गावात त्याला हसतात. हसू देत.

बाबांच्या एका खुळाबद्दल तर सगळं गाव हसे. दरवर्षी दिवाळीच्या आधी ते आपली गादी गुंडाळायचे, दोरीनं बांधायचे, खांद्यावर टाकायचे आणि जीप, एसटी, परत जीप करत डोंगरकड्याला पिंजायला न्यायचे. सेनगावात पिंजारी आहेत, हिंगोलीत गल्ली आहे, आणि हे कळमनुरी ओलांडून जाणार. कंडक्टर गादीचं तिकीट मागायचा, माणसं म्हणायची, म्हाताऱ्याला डोंगरकड्याचीच झोप लागते वाटतं. दरवर्षी पिंजून पिंजून त्या कापसात जीव राहिला नव्हता. गंगाआजी म्हणायची, मी दगडावर निजते ते बरं. बाबा तिथं कुणाकडं जातात हे मला त्या झेंड्याच्या दिवसानंतर कळलं. तो तान्हा पोरगा आता म्हातारा झाला होता आणि डोंगरकड्याच्या स्टँडजवळ गाद्यांचं दुकान चालवत होता. बाबांनी त्याला आपलं गाव कधी सांगितलं नव्हतं. सेनगावकडचा आहे, एवढंच. पिंजणी होईपर्यंत दिवसभर दुकानापुढच्या बाकड्यावर बसायचं, त्याची पोरं मोठी होताना बघायची, मजुरी द्यायची आणि यायचं. अशी कितीतरी वर्षं गेली.

बाबांनी नव्वदी ओलांडली तेव्हा नवा सरपंच आला. तरुण, हिंगोलीत शिकलेला, गोड बोलणारा. तो बाबांना म्हणाला, लतीफच्या घरच्यांची हरकत नसेल तर लिहू की नाव. घरचं कुणी उरलं असेल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. बाबा तिथून थेट माझ्याकडं आले. इतके खुश मी त्यांना कधी पाहिले नव्हते. म्हणाले, चल माझ्याबरोबर, मशीनच्या आवाजात माझं बोलणं त्याला ऐकू जायचं न्हाई, तू सांग. गादी घेतलीच होती. ती मी उचलली आणि आम्ही निघालो.

दुकानात कापूस पिंजायचं मशीन धडधडत होतं. लतीफच्या मुलाच्या भुवयांवर, पापण्यांवर कापूस बसला होता. त्यांची दोन मुलं बाजूला गाद्या शिवत होती. चहा आला. मी माझ्या वर्गातल्या आवाजात सगळं सांगितलं, आमचं गाव कोणतं, स्तंभ कोणता, बाबा कोण, आणि त्यांच्या वडिलांचं नाव लिहायला त्यांची परवानगी हवी आहे. मी सांगत असतानाच त्यांनी मशीन बंद केलं होतं, हे मला माझाच आवाज मोठा वाटायला लागला तेव्हा कळलं.

ते बाबांकडं बघून म्हणाले, "तुमी हाळीवाले, हे मला पहिल्या सालापासून ठाऊक हाय. अम्मी मागच्या खोलीत व्हती. तिनं पडद्याआडून वळखलं तुमाला. म्हनली, त्याची गादी चांगली पिंजून दे, आन् काही इचारू नको."

बाबांनी विचारलं की अजून काही म्हणाली का. त्यांचा प्रश्न मी लतीफच्या मुलाला मोठ्यानं सांगितला.

"म्हनली, त्या दिवशी टेकडीवरून तुमची हाळी आली. हाळी आली की पळायचं, ही सवयच. तिनं मला उचललं. अब्बा उठले न्हाईत. म्हनले, त्याचा आवाज आला, आता तो येतोच. तू व्हय पुढं, मी त्याला घेऊन येतो. आन् दारात बसून राहिले."

मग बाबा बोलले. माईक नसताना, कान जवळ न नेता त्यांचं बोलणं मला पहिल्यांदा ऐकू आलं, शिवत बसलेल्या पोरांनाही ऐकू आलं.

"मी उतरलो न्हाई," ते म्हणाले. "भ्यालो. वरूनच वरडत राहिलो."

आयुष्यभर मी समजत होते की त्यांना हाळी दिल्याचं दुःख आहे. लतीफच्या मुलानं गादीवर हात ठेवला होता, तो तसाच राहिला. ते रागावले नाहीत, आणि माफही केलं असं मला म्हणता येणार नाही. आपण तेव्हा तान्हे होतो, आपल्याला काय ठाऊक, असं काहीतरी म्हणाले. मग माझ्याकडं वळले.

"नाव नका लिहू, बाई. ही माझी पोरं हितं धंदा करून राहिलीत, तकलीफ न्हाई. दगडावर नाव आलं की लोक आधी इचारतील, कोणी मारलं. तेचं उत्तर कोणी देनार न्हाई. मंग इचारतील, काहून मारलं. तेचं उत्तर सगळ्यांच्या मोबाईलात तयार हाय."

त्यांनी मशीन सुरू केलं, आमची गादी पिंजली, शिवली, दोरीनं बांधून दिली आणि त्या वर्षी मजुरी घेतली नाही. बाबांनी ती घ्यावी म्हणून हात पुढं केला, तो त्यांनी दोन्ही हातांनी मागं सारला.

येताना कळमनुरीच्या स्टँडवर बाबा एवढंच म्हणाले की त्याचं बराबर आहे. त्यानंतर ते कुठल्याच सरपंचाच्या दारात गेले नाहीत. सरपंचानं गावभर सांगितलं, म्हातारा अखेर समजला. बाबा दिवसेंदिवस गप्प होत गेले. कान त्यांच्या तोंडाशी नेला तरी नुसता श्वास ऐकू यायचा. एकदा मी त्यांना म्हणाले, बाबा, तुमच्या त्या दुसऱ्या हाळीनं दोन जीव वाचले, हे नाही का मोठं? त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं पटलं. आता वाटतं, ते माझीच समजूत काढत होते.

पुढच्या उन्हाळ्यात बाबा गेले. सरकारी इतमाम झाला, पोलिसांनी बंदुकांची सलामी दिली, त्या आवाजानं तांड्यावरची माणसंसुद्धा उतरून आली. गंगाआजी आधीच गेली होती, म्हणून ओरडून रडायला त्या घरात कुणी नव्हतं. मी रडले, पण मला काही तिच्यासारखं जमलं नाही.

ग्रामपंचायतीनं मग स्तंभावर चौथं नाव कोरलं, बाबांचं. मी विरोध करून पाहिला. बाबांना हे नको होतं, असं मी म्हणाले. सरपंच म्हणाला, बाई, तुम्हाला गावाचा अभिमान नाही का? सोनेरी रंग भरलाय, लांबून दिसतं. दर सतरा सप्टेंबरला ती चारही नावं मला माईकवर वाचावी लागतात, आणि चौथ्या नावाला लेकरं सगळ्यात जास्त टाळ्या वाजवतात. त्या जागेसाठी बाबांनी किती दारं झिजवली हे त्यांना कसं सांगावं, मला अजून उमगलेलं नाही.

हे लिहायला बसण्याआधी मी पुन्हा एकदा त्या गाद्यांच्या दुकानात जाऊन आले. म्हटलं, दगडावर नको तर नको, माझ्या लिहिण्यात तरी तुमच्या वडिलांचं नाव येऊ देऊ का? त्यांनी मशीन न थांबवताच मान हलवली, नाही. तेव्हा वर जिथं जिथं मी लतीफ लिहिलं आहे, तिथं खरं तर दुसरं नाव आहे.